हाताचा गुण

साधनाने आईला कुशीवर वळवलं, जुनी चादर गुंडाळत तिच्या पाठीपर्यंत आणली आणि त्याच हाताने नवी पसरली. दोन मिनिटांचं काम. आईने हूं की चूं केलं नाही. दाराशी उभी असलेली भावजय पौर्णिमा निवांत पडलेल्या सासूकडे बघतच राहिली.

"मले अर्धा तास लागते," ती म्हणाली. "अन् आत्याबाई ओरडतात ते वेगळंच. तुमच्या हाताले गुण आहे, ताई."

आईचे लकव्याने गेलेले पाय उशीवर टेकवून साधना चादर पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली.

हैफाहून पातूरला येऊन तिला बारा दिवस झाले होते. नवरा वारल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी अमरावतीच्या एका एजंटामार्फत ती इस्रायलला गेली, आणि सहा वर्षं एका म्हाताऱ्याची शुश्रूषा केली. याकोव त्यांचं नाव. ती गेली तेव्हा पंच्याऐंशीचे, विसराळू, दिवसभर हाका मारणारे. पहिली दोन वर्षं साधनाने त्यांचं मनापासून केलं. हल्ल्याचा भोंगा वाजला की त्यांना पाठुंगळी घेऊन ती तीन जिने उतरायची आणि तळघर गाठायची. शेजारी थक्क व्हायचे.

मग सलग चार जागरणं झाल्यावर एका दुपारी तिने त्यांची झोपेची गोळी वाढवली. ती दुपार इतकी निवांत गेली की दुसऱ्या दिवशीही वाढवली. पुढे जागरणाची सबब लागेनाशी झाली. बाजारात जायचं असलं, समुद्रावर नुसतं बसायचं असलं, तरी चालू लागलं. एकदा भोंगा वाजला तेव्हा ते हलवूनही उठले नाहीत. साधना एकटीच खाली गेली. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाली, लेक घेऊन गेली आहे त्यांना. वर आली तेव्हा ते तसेच घोरत होते. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. तिने चहा ठेवला.

अमरावतीत मुलीचं लग्न ठरून साक्षगंध होतं त्या दिवशी तिला फोनवर सगळा सोहळा बघायचा होता. त्या दिवशी तिने गोळ्या मोजल्या नाहीत. मुलीला कुंकू लागलं, ओटी भरली, तिने फोनकडे बघून हात हलवला. त्यानंतर साधना खोलीत गेली, तर याकोवचे हात गार पडले होते.

एक्क्याण्णव वर्षांचा माणूस झोपेत गेला. कोणी काही विचारलं नाही. त्यांची लेक साधनाच्या गळ्यात पडून रडली, आणि तिच्याच शिफारशीवर साधनाला तिथे दुसऱ्या घरी काम मिळालं. सांभाळायला एक म्हातारी होती. आता आठ दिवसांनी त्या कामावर जायला अकोल्याहून निघायचं होतं.

पौर्णिमाने चहा आणला. दोघी आईच्या खाटेशेजारी जमिनीवर बसल्या.

"तुमी आल्यापासून आत्याबाई झोपूनच राहतात," पौर्णिमा म्हणाली. "काय करता तुमी?"

साधनाने आईच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं.

"गोळ्या देऊन राहिली मी तिले."

"डॉक्टरनं सांगतलेल्या?"

"नाही. तिथल्या म्हाताऱ्याले पण द्यायची. त्यातच गेला तो, वयनी. कोणाले माहीत नाही. मीच मारलं त्याले."

पौर्णिमाने कप खाली ठेवला. अंगणात साधनाचा भाऊ चंद्रभान गाडीत कापूस भरत होता. ही आता त्याला हाक मारणार, साधनाला वाटलं. ती वाट बघत राहिली. पौर्णिमा उठली, दारापर्यंत गेली, क्षणभर बाहेर पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

"तुमी आठ दिवसांनी जासान," ती परत येऊन बसत म्हणाली. "मंग मी एकटीच. अकरा वर्षं झाले, माहेरी एक रात्र राहाले नाही भेटली मले."

पौर्णिमाच्या बोटांना फिनेलचा वास येत होता, नखांच्या कडा सोलवटल्या होत्या.

"किती देता?" पौर्णिमाने विचारलं.

साधनाने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग खाटेखालची गोळ्यांची पिशवी पुढे ओढली.

"चहात देऊ नका," ती म्हणाली. "कडू लागते. दूधभातात कालवा."