चौकातला फोटो

"दात झाका त्याचे," अध्यक्ष म्हणाले.

रेडीमामांचा हात माउसवर तसाच राहिला. पडद्यावर पोरगं खो खो हसत होतं. पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला, डोळे हसून हसून बारीक झालेले. फोटो काढण्याआधी प्रत्येकाला "रेडी?" विचारतात म्हणून गावाने त्यांना रेडीमामा करून टाकलं होतं, या पोराला मात्र ते कधी विचारावं लागलं नाही. तो कायम रेडीच.

"साहेब, तो हसराच होता. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"आता शहीद आहे तो. चौकात दगडावर कायमचा बसायचाय. लोक फुलं घेऊन येणार आणि हा त्यांना दात दाखवणार? बरं दिसतं का ते?"

बरं दिसत नाही, हे मामांना पटलं. म्हणजे त्यांनी पटवून घेतलं म्हणा. अध्यक्ष स्मारक समितीचे, त्यात गावातली मोठी लाकडाची वखार त्यांची. 'नाही' ऐकायची त्यांच्या कानांना सवयच नव्हती.

पोरगं लढाईवर गेलं काय आणि पेटीतून परत आलं काय, सगळं बघता बघता झालं. वर्दीतला एक धड फोटो नाही. भरतीच्या अर्जावरचा होता तो नखाएवढा, मोठा केला की नुसते ठिपके. शेवटी मामांनी आपणच काढलेल्या एका लग्नाच्या फोटोंतून हा हुडकला. नवरीकडच्यांनी तो अल्बममधून बाद केला होता, मागे कोणीतरी जबडा उघडून हसतंय म्हणून. ते कोणीतरी म्हणजे हा.

या कामात मामांचा हातखंडा. गेलेल्या माणसांचे मिटलेले डोळे उघडायचे, केस बसवायचे, शर्टाच्या जागी कोट चढवायचा. गावातल्या निम्म्या भिंतींवर त्यांच्याच हातचे बाप आणि आज्या लटकत होत्या. तयार वर्दीही संगणकात होती, मूळ कोणाच्या अंगावरची देव जाणे. मामांनी पोराचं डोकं मानेपासून कापून त्या वर्दीवर बसवलं. दुसऱ्याच कोणाचे मिटलेले ओठ आणून चिकटवले. गाल उतरवले, डोळे मोठे केले.

"आता कसा जवान दिसतोय," अध्यक्ष म्हणाले. "उरका लवकर. फरशीवर छापून भाजून घ्यायचाय, तिकडे कारखान्यात काम खोळंबलंय."

मामांनी घाईघाईने सेव्ह केलं आणि पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात चौकात मांडव पडला. खुर्च्या आल्या, भाषणं झाली. जो तो पोराचं कौतुक करता करता स्वतःचंच उरकून घेत होता. पडदा आईच्या हातून उघडायचा होता. ती दवाखान्यात आया होती. नवरा लवकर गेला, रात्रपाळ्या करकरून तिने एकटीने पोराला वाढवलं. आजही पाळी संपवून कामाच्या कपड्यांतच आली होती.

तिने दोरी ओढली. टाळ्या पडल्या. कॅमेरा घेऊन मामा तिच्या अगदी जवळ उभे होते. ती वर बघत राहिली, मग त्यांच्याकडे झुकून, लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली,

"मामा, हा कोण?"

मामांनी कॅमेरा खाली घेतला. "ताई, आपलाच आहे."

ती परत बघू लागली. गर्दीत पोर चुकल्यावर आई शोधते तशी. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, ओठांवरून नजर तशीच पुढे गेली. कानाशी थांबली.

"हो. कान त्याचाच आहे," ती म्हणाली. अध्यक्षांनी माइक पुढे केला. त्यात "सगळ्यांचे उपकार झाले" एवढंच बोलून ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली.

"चौकातला राहू दे, मामा. तो गावाचा. मला घरात लावायला त्याचा हसतानाचा द्या. तुमच्याकडे आहे म्हणे."

"आत्ता देतो," मामा म्हणाले. चला, एवढं तरी आपल्या हातून होईल म्हणून त्यांना बरंही वाटलं. त्यांनी फाइल उघडली. वर्दी. दुसरीकडे शोधलं, तिथे काहीच नव्हतं. परत पहिली उघडली. वर्दी, आणि मिटलेले ओठ.

मूळ फोटोला हात लावायच्या आधी त्याची कॉपी करून ठेवायची, हे मामा कामाला येणाऱ्या प्रत्येकाला कान पिळून सांगत आले होते. त्या दिवशी अध्यक्ष मानगुटीवर बसले होते. मामांनी मूळ फोटोवरच काम केलं आणि त्याच्यावरच सेव्ह केलं. कॅमेऱ्यातल्या कार्डावर तर तोवर कितीतरी दुसरी लग्नं लागून गेली होती.

त्यांनी ते तिला सांगितलं.

"म्हणजे कुठेच नाही?"

"कुठेच नाही, ताई."

ती पडद्यावरच्या वर्दीकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मामांना झालं. मग म्हणाली, "माझ्याकडे शाळेतला आहे. पण तेव्हा हे दात यायचे होते."

"बसा तुम्ही. करतो काहीतरी."

संगणकात अख्खं गाव हसत होतं. मामा एकेकाचं हसू उचलून पोराच्या तोंडाला लावू लागले. ती बघायची आणि मान हलवायची.

"हा पंपावरचा ना?"

"हो."

"नको. हे?"

"हे हेडसरांचं."

"मामा, माझ्या पोराला हेडसर करू नका."

बोलताना तिचा ओठ वर गेला आणि मामांना पुढचा दात दिसला. शेजारच्यावर चढलेला.

"ताई, त्याचे दात तुमच्यावर गेले होते?"

"सगळे तेच म्हणायचे."

मामांनी तिला आत नेलं, स्टुलावर बसवलं, दिवे लावले. हसा म्हणणं हा त्यांचा धंदा, जन्म गेला त्यात. आज मात्र त्यांनी आधी दिवाच दोनदा सरकवला.

"हसा, ताई. थोडंसं."

तिने प्रयत्न केला. ओठ थरथरले आणि मिटले. परत केला.

"येत नाही हो, मामा."

"सावकाश. घाई नाही."

तिने चेहऱ्यावरून हात फिरवला, पाठ ताठ केली. "असं करते. पेशंटला दात दाखवायला लावतो ना आम्ही, तसे दाखवते. चालेल?"

"चालेल. फक्त तोंडच घेतो मी. बाकीचं येणार नाही."

तिने मान हलवली. ओठ ताणून सगळे दात उघडे केले आणि गालांवरून पाणी वाहत असताना, न पुसता, मामा सांगतील तोवर तशीच बसून राहिली.