शनिवारी धुतलेली गाडी

अराबाचा नवरा एबो वारला तेव्हा सेकोंदी या किनाऱ्यावरच्या गावाच्या रीतीप्रमाणे त्याच्या मामांनी गाडीची किल्ली ताब्यात घेतली. वर्षाचा विधी होईपर्यंत गाडी हलवायची नाही, असं त्यांनी बजावलं. अराबानं मान्य केलं. पण नवरा दर शनिवारी गाडी धुवायचा, म्हणून तीही उभ्या गाडीला दर शनिवारी न्हाऊ घालायची. चाकांच्या भोकांतून आतपर्यंत पाणी मारायची, अगदी त्याच्यासारखं.

वर्ष सरलं. मामांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. गाडी मात्र ढकलूनही हलेना. याव मिस्त्रीनं चाक काढलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, ब्रेकच्या डिस्क गंजानं पार खाल्ल्यात, ब्रेक जाम झालेत! आधीच समुद्राची खारी हवा. धुतल्यावर फेरी मारून ब्रेक दाबले, तरच त्या सुकतात. एबोदादा गाडी धुऊन लगेच दीपगृहापर्यंत जायचा, ते काय हवा खायला?"

तिला तसंच वाटायचं. उंडारायला जातो म्हणून ती दर शनिवारी त्याच्याशी भांडायची.

"उभ्या गाडीवर पाणी ओतलं कुठल्या शहाण्यानं?" यावनं विचारलं.

"पावसानं," अराबा म्हणाली, आणि तिनं पायानंच बादली गाडीखाली सरकवली.