उपासाचं दळण

भिवराबाईंनी डबा कट्ट्यावर ठेवला आणि चिमूटभर पीठ गंगासागरच्या तळहातावर टाकलं. "बघ बाई. भगर हाय का ज्वारी?"

गंगासागरने पिठावर पाण्याचा थेंब सोडला आणि बोट फिरवलं. पांढऱ्या लगद्यात ज्वारीचे करडे कण उमटले. उपासाचं दळण घालण्याआधी गिरणी झाडायची, दोन मुठी भगर दळून बाजूला टाकायची, हा घाटनांदुरातल्या तिच्या गिरणीचा तीस वर्षांचा नेम. या सोमवारी तो चुकला होता.

"माज्याच हातून झालं, काकू."

भिवराबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माजा उपास मोडला त्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या, "पण तुज्या गिरणीत?" आणि डबा तिथेच ठेवून निघून गेल्या.

शनिवारी लातूरहून तिचा मुलगा बसवेश आला, तोवर ही गोष्ट गावभर झाली होती. वडील गेल्यापासून सहा वर्षं आई एकटी गिरणी चालवते हे त्याला खुपत होतंच. मोटार आणि दगड घ्यायला परळीचा एक माणूस तयार होता. "आई, डोकं भरून गेलंय तुजं," तो म्हणाला. "देऊन टाकू. चल माज्यासंगं."

तिने एवढंच मागितलं, की शिवरात्रीचं दळण होऊ दे. एक डबा जरी बिघडला तरी मी स्वतः मोटारीचे बोल्ट काढून देईन. बसवेशने मान्य केलं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तिला टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र सांगितलं नव्हतं. कोणाला भरड लागतं, कोणाला मऊ, यातलं ती काहीच विसरत नव्हती. मग डोक्यात भरलंय काय? दुसऱ्या दिवशी तिने गिरणीशेजारी एक वाटी ठेवली. दळणाशिवाय कोणी काही लक्षात ठेवायला सांगितलं, की वाटीत एक चिंचोका. दुपारपर्यंत डबे झाले बावीस आणि चिंचोके सत्तावन्न. कोणाची चावी, कोणाच्या गोळ्या, "हनुमान आला तर सांगा, मी बीडला गेलतो", गॅसची पावती, सोयरिकीचा निरोप. निरोपागणिक ती पदराला गाठ मारायची. संध्याकाळी सहा गाठी उरल्या होत्या आणि त्यांतल्या चार कशाच्या, हे तिला काही केल्या आठवेना. भगर दळायला घेतली त्या सोमवारीही ती कडूबाईच्या जावयाचा निरोप घोकत होती.

सकाळी तिने दाराबाहेर फळी ठोकली, फळीला खिळे मारले. चाव्या, चिठ्ठ्या ज्याने त्याने लावाव्यात, ज्याने त्याने न्याव्यात. "मला दळणाचं सांगा. बाकीचं तुमचं तुमी."

गंगासागर आता साहेबीण झाली, असं बायका म्हणाल्या. हॉटेलवाल्या हनुमानने विचारलं, बोलायचं असलं तर अर्ज द्यावा लागंल का? "दे की. त्यो बी खिळ्यालाच लाव," ती म्हणाली. तरी पहिले काही दिवस नाही म्हणतानाही तिचा हात गाठ मारायला पदराकडे जायचा. आठव्या दिवशी पहाटे ती गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली. एरवी तिथेही लोकांचे निरोप येऊन बसायचे. त्या दिवशी डोळ्यांपुढे फक्त लिंग होतं, आणि त्यावर समईच्या उजेडाचा एक बारीक ठिपका.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आठ वाजल्यापासून रांग लागली. आधी सगळी भगर, मग राजगिरा, मग शिंगाडा. भिवराबाईंचा डबा पाचवा होता. बसवेश दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डब्यातली चिमूट तो तळहातावर ओली करून बघत होता. दोन वाजता लाईट गेली, तासाने आली, रांग कुरकुरली. गंगासागर कोणता डबा कुठे थांबला होता ते न विचारता तिथूनच सुरू झाली. एकजण ज्वारी घेऊन आला, पाहुणे आलेत म्हणून अजिजी करू लागला.

"ज्वारी परवा."

"मावशी, पायलीभरच हाय."

"परवा."

संध्याकाळी एकेचाळिसावा डबा बाहेर पडला. बसवेशने शेवटची चिमूट बोटाने पसरली, उजेडात धरून दोनदा पाहिली. करडा कण एकही नव्हता. त्याने हात धुतला आणि काहीतरी बोलण्यासाठी घसा साफ केला.

पण ती मोटार बंद करून झाकण उघडत होती. "वरला दगड धर," ती म्हणाली. "घासून गुळगुळीत झालाय. टाकी लावून खाचा पाडल्या की पावसाळ्यापर्यंत बघायला नगं."

विकायच्या दगडाला कोणी टाकी लावत नाही, हे बसवेशलाही ठाऊक होतं. त्याने बाह्या वर सारल्या. दोघांनी मिळून दगड उचलला आणि पोत्यावर उताणा ठेवला.

मग तो फोन घेऊन बाहेर गेला. परळीच्या माणसाला तो काय म्हणाला, ते तिने ऐकलं नाही. एक पाय मुडपून ती बसली होती आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत एकेक खाच टाकीने खोल करत चालली होती.