दोन बोटांचं चित्र

मी पेडगावच्या लक्ष्मीबाईंच्या भिंतीवरचा कागद बोलतोय. माझ्यावर गिटारच्या सहा तारांच्या सहा रेघा आहेत आणि दोन काळे ठिपके. ठिपका दिसेल तिथं बोट दाबायचं, बाकीच्या तारा मोकळ्या सोडायच्या. एवढाच माझा जीव.

पिंकी, लक्ष्मीबाईंची एकुलती लेक, नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची गिटार घरीच राहिली.

"घर लय मुकं झालंय गं. मला वाजवाया शिकीव," लक्ष्मीबाई फोनवर म्हणाल्या.

बोटं कुठं ठेवायची ते दाखवणारी इंटरनेटवरची तयार चित्रं पिंकीनं धाडली. पण त्यावरची इंग्रजी अक्षरं लक्ष्मीबाईंना वाचता येईनात, आणि कधीतरी विळ्यानं कापलेलं तिसरं बोट वळेना.

"थांब आई, तुझ्यापुरतं वेगळं करते."

असा तिच्या लॅपटॉपवर माझा जन्म झाला. सॉफ्टवेअरमध्ये ती एक ठिपका ठेवायची, पुसायची, दुसऱ्या तारेवर न्यायची. मधूनच स्वतःची दोनच बोटं हवेत दाबून बघायची. शेवटी कॉर्डच्या, म्हणजे त्या सुरांच्या मेळाच्या, नावाच्या जागी तिनं लिहिलं, 'आई'.

गोपाळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी कागदावर उतरलो. सुरुवातीला नुसती खरखर व्हायची. बोटांना घट्टे पडले, आणि मग एका सांजेला सूर स्वच्छ उमटला. फोनवर पिंकीनं तो पुन्हा एकदा वाजवायला लावला.

"दुसरं पण करून धाडते," ती म्हणाली. "एकानं गाणं होत नसतंय, आई."

दुसरं अजून आलेलं नाही. पिंकीचं काम वाढलं, फोन आखूड झाले.

"कसं चाललंय?" ती घाईत विचारते.

"बरं चाललंय, माय. जेवलीस का?" लक्ष्मीबाई चित्राचा विषयसुद्धा काढत नाहीत.

गोपाळ एकदा म्हणाला, "मावशी, मोबाईलवर लय चित्रं हायत. दोन बोटांचं हुडकून देऊ का?"

"नको रे बाबा. पिंकी करायलीय."

सांजेला त्या माझ्यासमोर बसतात, तोच सूर छेडतात आणि तो विरेपर्यंत मान खाली घालून ऐकतात. अशा वेळी मला माझ्या जोडीदाराची फार ओढ लागते.

परवा भिंतीला चुना दिला. लक्ष्मीबाईंनी मला पुन्हा मधोमध न लावता एका कडेला चिकटवलं आणि शेजारी कागदभर जागा मोकळी सोडली.

पिंके, जागा झालीय बघ. चित्र नाही जमलं तरी चालेल. तू ये.