सोमराजूनं चाळ सोडले

या, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घ्या आणि ऐका. आज पुराणातली कथा नाही लावत. आमच्या गोदावरीकाठची सांगतो, पण देवालाही आवडेल अशी आहे.

आमची तिघांची बुर्रकथेची मंडळी. मधे तंबोरा घेऊन मी, कथा सांगणारा. डाव्या हाताला गवर्राजू, विनोदी अंगाचा. त्यानं मनात येईल तो प्रश्न विचारायचा. उजव्या हाताला सोमराजू. गवर्राजूच्या प्रश्नाला त्यानं तिथल्या तिथे, ठेक्यात उत्तर द्यायचं आणि मग आम्ही सगळ्यांनी ‘तंदान ताना’ म्हणायचं. सोमराजू गवर्राजूच्या बहिणीचा नवरा, म्हणून गवर्राजू त्याला ‘बावा’ म्हणायचा. दिवसा तो पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर.

आमच्यात एक जुना रिवाज आहे. पायात चाळ असेपर्यंत तोंडातून निघेल ते कथेचं. जमीनदाराला समोर बसवून टोमणा मारला तरी त्यानं हसून विडा द्यायचा. चाळ सोडले की शब्द ज्याचा त्याचा.

त्या वर्षी पेदलंकेला खात्यानं नवा बांध घातला. गावाच्या तीन बाजूंना नदी. वळणावर बांधाच्या पोटात काळी चिकणमाती भरायची, ती भरलीच नाही. वाळू लोटली आणि वरून मातीचा लेप दिला. सोमराजूनं डोळ्यांनी पाहिलं, तसाच उठून भास्करम इंजिनियर साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, “बांधाची माहिती सरकारी गुपित आहे. बाहेर ब्र काढलास तर नोकरी जाईल, वर खटला होईल.”

हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की याच्या पानात आवडती अंबाडीची चटणीसुद्धा तशीच राहते.

ज्येष्ठात बांधाचं उद्घाटन ठरलं आणि बांधाची थोरवी गायला खात्यानं आम्हालाच बोलावलं. दरवर्षी पाणी चढलं की पेदलंका नावेत बसून पलीकडच्या उंचावरच्या शाळेत जायची. साहेबांनी भाषणात सांगितलं, “यंदापासून कुणी घर सोडायचं नाही.” टाळ्या पडल्या. मग आम्ही उभे राहिलो.

बांधाच्या मजबुतीचं पद झालं आणि गवर्राजूनं विचारलं, “काय हो बावा, माझी म्हातारी दर पुराला कोंबड्यांसकट नावेत चढते. यंदा तिला घरीच झोपवू ना?”

ठरलेलं उत्तर होतं, ‘शेषावर विष्णू झोपतो तशी झोपव!’

ठेका फिरून आला. मी तंबोरा छेडत राहिलो. पुन्हा फिरून आला.

“नको झोपवू,” सोमराजू म्हणाला. “वळणावर बांधाच्या पोटात वाळू आहे.”

आणि लोक हसले की हो! साहेबही हसले. गवर्राजूला वाटलं, बावांनी नवीन काहीतरी काढलं. त्यानं लगेच धागा पकडला, “लोक नदीतली वाळू चोरतात, आणि तुमचं खातं ती नदीला परत देतंय? केवढा दानधर्म!” पुन्हा हशा. त्याची आई नुकम्मा, म्हणजे सोमराजूची सासू, पुढेच बसली होती. तीही बोळकं पसरून हसत होती.

सोमराजूनं तिच्याकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि उजव्या पायातले चाळ सोडू लागला. मग डाव्या पायातले. हशा विरत विरत थांबला. चाळ त्यानं माझ्या पायांपाशी ठेवले आणि मोकळ्या पायांनी पुढे गेला.

“अत्तम्मा, वाळू भरताना मी पाहिलीय. पाणी चढलं की घरात थांबू नका.”

कुणी हसलं नाही. साहेब उठून उभे राहिले होते.

तो निलंबित झाला. वळणावर पत्रे उभे राहिले, पोलीस बसले, आणि पत्र्यांआड लॉऱ्या जाऊ लागल्या. बाहेर येताना चाकांना काळी माती चिकटलेली असायची. विचारलं तर उत्तर यायचं, “नेहमीची देखभाल.”

साहेबांनी मला आणि सोमराजूला बोलावलं. बोलणं अगदी मायेचं. “तू कलावंत माणूस, सोमराजू. एवढंच लिहून दे, की चाळ पायात होते, कथेच्या भरात बोललो. सोमवारपासून कामावर ये.”

“साहेब, वाळू काढली ना?”

“कुठली वाळू?”

“मग मला काही लिहायचं नाही.”

घरी त्याची बायको वरहालम्मा आधी भरपूर रडली. मग नाक पुसून माझ्याकडे वळली, “दादा, चाळ सोडताना सगळ्या गावानं पाहिलंय. आता ते परत कुणाच्या पायात बांधायचे?”

श्रावणात गोदावरी फुगली. वळणावर पाणी धडका देत होतं. बांध जागचा हलला नाही.

आणि इथंच त्याचं नशीब पाहा. बांध फुटला असता तर सोमराजू खरा ठरला असता. टिकला, म्हणून खोटा ठरला. चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले, “काय झालं बांधाला? बढती हुकली म्हणून बोंबलला झालं.” चौकशीचा निकाल आला: वाळू नव्हतीच, गुपित फोडलं म्हणून नोकरी गेली.

नुकम्मा टपरीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “वाळू नव्हती, तर माझ्या जावयानं फोडलं ते गुपित कसलं रे? आणि त्या लॉऱ्या काय तुझ्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या होत्या?”

सगळ्यांनी चहात तोंड घातलं.

सोमराजू आता काथ्याच्या वखारीत नारळ सोलतो. आमच्या मंडळीत त्याची जागा मी भरलेली नाही. पुष्कळदा म्हटलं, ये रे. तो म्हणतो, “पुन्हा बांधले तर लोक म्हणतील, त्या दिवशीही बांधलेलेच होते.”

प्रल्हादासाठी खांब फुटला, देव धावून आला. सोमराजूसाठी काहीच फुटलं नाही. पण मला म्हाताऱ्याला वाटतं, ज्या पुरात नुकम्मा आपल्या कोंबड्यांसह घरी निजली, त्या पुरात माझा नरसिंह त्या बांधात उभा होता. माझ्या देव्हाऱ्यात त्याच्यापुढेच मी ते चाळ ठेवलेत.

तर बाबांनो, बाहेर पाणी चढलेलं असताना तुम्हाला कधी घरात शांत झोप लागली, तर उशीवर डोकं टेकताना क्षणभर पेदलंकेच्या सोमराजूची आठवण काढा.