काहीही न मिसळता

नळीच्या तोंडाशी बसवलेला काचेच्या कापसाचा बोळा चिमट्याने ओढताना तुटला आणि आतली काळी भुकटी धम्मशीलाच्या पांढऱ्या कोटावर सांडली... सांडू दे. अकरावी खेप. अकराव्यांदा तेच — कार्बन डाय-ऑक्साइड एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा बाहेर येतो, चुकून भलत्याच घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा.

दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला मात्र त्याचं इंधन झालं होतं, चांगलं भरघोस, आणि त्या एका आकड्यावर तिने सगळा प्रबंध उभा केला होता. जालन्याकडच्या सळयांच्या कारखान्यात तापल्या लोखंडावरून गळणारे काळे पापुद्रे, फेकून द्यायचा माल, नुसता दळून उत्प्रेरक म्हणून चालतो — ‘काहीही न मिसळता’. हे शब्द तिचेच. आज सकाळी तिचे मार्गदर्शक, अमरावतीचे सर, फोनवर म्हणाले होते, सोमवारी समितीपुढे एक तर तो आकडा पुन्हा काढून दाखव, नाहीतर प्रबंधातून काढून टाक. ते शांतपणे म्हणाले, याचाच तिला जास्त संताप आला होता. म्हणजे त्यांना वाटतं, मी तो रचला... पाच वर्षं भट्टीपुढे बसून मी काय फक्त आकडे रचले?

दुपारी ती कॉलेजातून ऑटोने देऊळघाटला घरी आली तेव्हा आई, भिमाबाई, अंगणात सुपातल्या मुगाला पऱ्हाटीची, कपाशीच्या वाळल्या झाडांची, राख चोळत होती, किडा लागू नये म्हणून. धम्मशीलाने चप्पल भिरकावली, आणि ती भुकटी आता काम करत नाही, पहिल्यांदाच तेवढं केलं होतं, असं काहीतरी ती पुटपुटली — आईला सांगून काय उपयोग, असं वाटतावाटताच.

“पह्यल्यांदा तू इथं वाळू घातली होती ना माडीवर,” आई मान वर न करता म्हणाली. “ओली होती, गोळे झाले असते. म्हून राख चोळली मी तिले. चाळून मंग देल्ली तुले.”

राख. पऱ्हाटीची. राखेतला पोटॅश लोखंडाला कामाला लावतो, हे ती बी.एस्सी.च्या पोरांना दर वर्षी फळ्यावर लिहून देते... नंतरच्या सगळ्या खेपा तिने कॉलेजातच वाळवल्या होत्या, अधिक काटेकोर म्हणून.

तिला ओरडायचं होतं. न विचारता हात का लावलास? पण विचारलं कोणी नव्हतं? दोन वर्षांत एकदाही, आई, तू त्याचं काय केलं होतंस, असं... मी नाही विचारलं. आकडा खरा होता, आता तो पुन्हा काढता येईल, समितीपुढे मान वर करून उभं राहता येईल, हे सगळं तिला दिसत होतं आणि तरी आनंद होत नव्हता.

“किती चोळली होती?” तिने विचारलं.

“दोन मुठी. तुह्या नाही, माह्या.”

धम्मशीलाने वही उघडली. पद्धत लिहायची, तर वाळवलं कोणी, मिसळलं कोणी, हेही लिहावं लागेल. आणि पेन हातात धरून बसल्यावर तिला कळलं की इतका वेळ जे आत डाचत होतं तो राग नव्हताच. तो शोध फक्त आपलाच असावा, त्यात आई नसावी, असं तिला वाटत होतं. ते तिला आत्ताही वाटत होतं.