पावलाचं माप

तनुजानं पान एकेचाळीस फायलीच्या पार तळाशी सरकवलं, त्यावर रेल्वे स्टेशनची दोन पानं ठेवली, बैलगाड्यांचं एक ठेवलं, आणि मगच चपला काढून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

वीरेश पुढं होता. "आज्जी, ताई आल्यात नांदेडहून. त्या चित्रवाल्या."

"बा, बा, आत ये," आतून कानडी वळणाचा आवाज आला. "बस पोरी. पाणी दे रे तिला. घागरीतलं दे, ड्रममधलं नको."

कमलम्मा खाली बसून चटणीसाठी शेंगा फोडत होत्या. नव्वदीला टेकलेली बाई, पण अंगठ्यात जोर होता. कपाळावर भस्माची तीन बोटं. तनुजानं वाकून नमस्कार केला आणि फाईल मांडीवर घेऊन, तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसली. दवाखान्यात रिपोर्ट घेऊन बसतात तशी.

तनुजाचं पुस्तक म्हणजे एक खोटं युद्ध होतं. कॉमिकच ते, पण मोठ्यांसाठी. त्यात अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात फौज हैदराबाद संस्थानात येतच नाही. मांजरा आणि गोदावरीला पूर येतो, दिल्लीचं मन बदलतं, आणि निजामाचं राज्य आणखी तीन वर्षं टिकतं. सगळी लढाई मग रेल्वेच्या रुळांवरून सरकत राहते. एवढी मोठी थाप मारायची म्हटल्यावर बाकीचं सगळं खरं पाहिजे, हा तनुजाचा हट्ट. युद्ध माझं, कंदील त्यांचा, असं ती म्हणायची. त्या कंदिलापायी तिनं अर्धा जिल्हा बेजार केला होता. रझाकाराच्या पट्ट्याचं बक्कल कसलं होतं? मुदखेडच्या फलाटावर पाण्याचा नळ कुठं होता? चित्रकला तिला कुणी शिकवली नव्हती. नायगाव तालुक्यातल्या शाळांच्या भिंतींवर अननस आणि ऐरण रंगवत ती शिकली होती. त्यामुळं चुकायची तिला भारी भीती.

आणि मग मुदखेडला तिला रामकिशन भेटले. मोडक्या दातांचे, कडक आवाजाचे म्हातारे.

"पाच पोरं होती बाई. पटरी उखडून राहिले होते. रझाकारांनी तिथंच गोळ्या घातल्या. सकाळी त्यांना बाजारातून फरफटत नेणार, अशी बात उठली. माझा बाप आन रेल्वेतला चाँदभाई, दोघांनी रुळाखालचे जुने सलीपाट रचले आन पाचही पोरांना अग्नी दिला. मी लहान होतो, पर ह्या डोळ्यांनी पाहिलं. एक तर उदगीरकडचा होता, गळ्यात चांदीची डबी त्याच्या." मग त्यांनी तनुजाचं मनगट धरलं होतं. "तसंच काढ बरं का. माझ्या बापाचं नाव कुठंच न्हाई. इत्तं तरी राहू दे."

तनुजानं मान हलवली होती. घरी येऊन तिनं ते पान काढलं. रुळांच्या कडेला रचलेली लाकडं, त्यावर पाच पोरं, आणि जाळाकडं पाठ करून पहारा देत उभे राहिलेले रामकिशनचे वडील आणि चाँदभाई. आपल्या नायकाच्या गळ्यात तिनं चांदीची डबी घातली आणि त्याचं नाव शिवलिंग ठेवलं. हे पान पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुस्तकाचे रंग वीरेश भरायचा. लातुरात त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसातून सवड मिळाली की तो युद्धाकडं वळायचा. त्याचा फोन आला तो हसतच.

"ताई, एकेचाळीसला घोळ झालाय. नाव शिवलिंग, गळ्यातल्या डबीत लिंग, आन जाळून राहिल्या तुम्ही त्याला? आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत. पुरतात. मांडी घालून बसवून." मग त्याचा आवाज जरा खाली आला होता. "माझ्या आज्जीचा भाऊ, गुरुबसप्पा, मुदखेडच्याच लायनीवर गेला ना. अजून चौघं होते संगं. पणजोबांनी गाडीत घालून शेतात आणला. समाधी हाय आमच्या शेतात. दरवर्षी आख्खं घर जातंय. आज्जीलाच विचारू, ती सगळं सांगती."

फोन बंद झाल्यावरही तनुजानं तो कानालाच धरून ठेवला होता.

ज्याला-त्याला प्रश्न विचारून छळणाऱ्या बाईनं त्या दिवसापासून कुणाला काही विचारलं नव्हतं. जेवायला बसली की घास तोंडात फिरायचा. रामकिशनना आठवत होतं ते खरं असेल, तर त्या समाधीत कोण बसलं होतं? सगळी पानं सोमवारी पुण्याला प्रकाशकाकडं जायची होती. तिकडं म्हातारा दोन दिवसांआड नातवाकडून फोन लावून विचारायचा, छापलं का गं?

"दाव की चित्रं," कमलम्मा म्हणाल्या.

तनुजानं वरची पानं दिली. कमलम्मांनी हात पदराला पुसले, चष्मा नाकावर चढवला.

"हे बैल कुठले म्हणायचे?"

"उदगीरकडचेच, आज्जी."

"ही तर खिल्लारं हायत. शिंगं बघ कशी भाल्यागत. आमच्याकडं देवणी. देवणीचं कपाळ कसं भरदार असतंय. तुमच्या नांदेडात बी लाल कंधारी सोडून हे कुठनं आणलंस?"

"बदलते, आज्जी."

"आन हा रझाकार एवढा देखणा कशाला काढलास? ह्याला तर कुणीबी पोरगी देईल."

वीरेश खदखदून हसला. तनुजाही हसली, पण हसताना तिचा हात फायलीच्या तळाशी असलेल्या पानावर दाबून होता.

"आज्जी, ते सांग ना ताईंना," वीरेश म्हणाला. "तुझ्या भावाला, अण्णाला, कसं बसवलं ते."

कमलम्मांनी एक शेंग फोडली. सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट असावी तशी त्या सांगू लागल्या. त्यांचे वडील, आप्पा, आणि काका गाडी जुंपून गेले. परतले ते झुंजूमुंजू होताना. स्वामींना बोलावलं. शेतात खड्डा घेतला. अण्णाला आंघोळ घातली, अंगभर भस्म लावलं, बेलाची पानं. डाव्या हातात त्याचं लिंग. "मांडी घालून बसला होता बघ. तोंडावर कसलं दुःख न्हाई. पूजेला बसल्यागत."

शेवटचं वाक्य वीरेशचेही ओठ म्हणत होते. तनुजाला ते दिसलं आणि तिनं मान खाली घातली. खोट्या युद्धाच्या पानांवर बसून एखाद्याचं खरं मोडायला आपण आलोय, असं तिला वाटलं. नाही दाखवायचं. काही झालं तरी नाही. रामकिशनना काय ते सांगता येईल.

"आता तो घोळ दावा की, ताई." वीरेशनं हसत हात पुढं केला आणि ती नको म्हणेपर्यंत पान ओढून काढलंही. "हे बघ आज्जी. ह्यांनी अण्णाला पार जाळून टाकलं."

कमलम्मांनी पान घेतलं. शेंगांचा आवाज थांबला.

त्यांनी ते जवळ नेलं, लांब धरलं. बोट पहिल्या पोरावर ठेवलं, दुसऱ्यावर, असं करत पाचव्यावर आणलं आणि तिथंच ठेवलं.

"चूक आहे ती, आज्जी," तनुजा घाईनं म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मी बदलणारच आहे."

कमलम्मा पानाकडंच बघत होत्या. "वीरेश, नळ आला बघ."

"आज नळाचा दिवस न्हाई, आज्जी."

"मला आवाज आला. जा, मोटर लाव. मग म्हणशील टँकर बोलवा."

"ताई, हिला दुसरं काय बी ऐकू येत न्हाई, नळ तेवढा येतो," म्हणत वीरेश उठला आणि मागल्या दारानं गेला.

त्याची पावलं लांब गेल्यावर कमलम्मांनी विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

तनुजानं वरची पानं गोळा केली. खोटं बोलायला जागा होती. "मुदखेडचे एक म्हातारे आहेत," ती म्हणाली. "तेव्हा लहान होते. त्यांच्या वडिलांनीच... पण आज्जी, लई वर्षं झाली. त्यांचं चुकतही असेल."

"त्याच्या गळ्यातलं?"

"अं?"

"लिंग त्याचं. चांदीची डबी होती, आईनं केलेली. काढून घेतली का कुणी?"

"नाही." तनुजा पुढं सरकली. "त्यांच्या वडिलांसोबत चाँदभाई म्हणून रेल्वेतले होते. ते म्हणाले, ह्याच्या देवाला हात लावू नका, ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या. तशीच राहू दिली. आणि आज्जी, सोडून गेले नाहीत दोघं. विझेपर्यंत उभे होते."

कमलम्मांचा हात आपल्या गळ्यातल्या दोऱ्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "लई बरं केलं."

बाहेर वीरेश कुठलं तरी झाकण उघडून बंद करत होता.

"आमच्यात खड्डा मापतात तो मेलेल्या माणसाच्या पावलानं," कमलम्मा सांगू लागल्या. हा आवाज मघाचा नव्हता. अडखळत, जागा शोधत येत होता. "ज्याचं घर त्याच्या मापाचं. स्वामी आप्पाला म्हणले, पाऊल दाव. आप्पा उभाच. गाडीत घोंगडं होतं, घोंगड्यात गाठोडं. स्वामी एकदा गाठोड्याकडं बघितले, एकदा आप्पाकडं. मग आप्पानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणला, हिचं घ्या. रक्त एकच हाय."

तनुजानं फाईल बाजूला ठेवली.

"मी चालले. टाचेला बोट लावून, टाचेला बोट लावून. ढेकळं टोचत होती. कुणी बोलंना. मला वाटलं, हळू चालावं म्हणजे मोठा होईल. तसं कुठं होतंय?" त्यांनी मांडीवरची टरफलं एका जागी लोटली. "लहानच झाला खड्डा. पर गाठोडं बी लहानच होतं."

"आणि आई तुमच्या?"

"बायकांना लांब बसवलं होतं. रात्री आई मला म्हणली, कसा बसला होता गं माझा लेक? तू तर जवळ होतीस." कमलम्मांनी चष्मा काढला. "मग मी सांगितलं. मांडी घालून, पूजेला बसल्यागत. मरस्तोवर रोज विचारायची. आता ही पोरं विचारतात."

त्यांनी पान तनुजाच्या मांडीवर ठेवलं. बोट अजून पाचव्या पोरावर होतं.

"तुझ्या पुस्तकात लढाईच खोटी हाय म्हणं."

"हो, आज्जी."

"मंग जाळ राहू दे. त्या म्हाताऱ्याचा बाप बी राहू दे, चाँदभाई बी. त्यांनी केलंय ते दिसू दे." बोटाचं नख कागदावर हलकं टेकलं. "माझ्या अण्णाला तेवढा त्यातनं उचल. तुला जमतंय की."

तनुजाला हो म्हणायचं होतं. तिच्या सगळ्या सवयी नाही म्हणत होत्या. रामकिशननी धरलं होतं ते मनगट आपोआप दुसऱ्या हातात धरून ती त्या पाच आकृत्यांकडं बघत राहिली. पाचवी पुसली तर उरलेल्या चौघांच्या मधे केवढी जागा पडेल, तेही तिला दिसत होतं.

वीरेश दारात आला. हात कोरडे होते त्याचे. "कसला नळ न् कसलं काय, आज्जी. उगं पळवलंस." तो खाली बसला. "काय ठरलं मग ताई? सांगितलं का हिनं?"

"सांगितलं," तनुजा म्हणाली. "त्याचे लोक गाडी घेऊन येतात. आधी त्याला नेतात. मग जाळ."

"हां, असं. आन पुढच्या पानावर समाधी." वीरेश खूश झाला. त्यानं खिशातून पेन काढून फायलीच्या पाठीवर एक चौकट आखली आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा गोल काढला. "वर आभाळ, लांबवर फौज, आन इथं खड्डा. बास ना एवढा?"

कमलम्मांनी पुन्हा चष्मा लावला. गोलाकडं बघितलं.

"मोठा काढ. उंच होता अण्णा. पावलं ही एवढी त्याची." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत माप दाखवलं, आणि मग ते आणखी थोडं वाढवलं.

"आज्जी, पानात बसला पाहिजे तो."

"न्हाई बसला तर दोन पानं घ्या," कमलम्मा म्हणाल्या, आणि शेंगांचं सूप जवळ ओढलं.